बीबीसी की स्पेक्ट्रम?

१९८३च्या नाताळात ब्रिटनमधल्या अनेक घरांत आईवडील आणि मुलं यांच्यात एकच खल चालू होता. कंप्युटर घ्यायचा हे ठरलेलं, पण कोणता? सिंक्लेअरचा ४८ किलोबाइटचा झेडएक्स स्पेक्ट्रम १३० पौंडांपर्यंत उतरला होता. शाळेत होता तसा, ॲकॉर्न कंपनीचा बीबीसी मायक्रो मॉडेल बी घ्यायचा, तर ३९९ पौंड मोजायचे. वर अमेरिकेतून आलेला कमोडोर ६४ होताच. मासिकांमध्ये तुलनेचे तक्ते छापून येत: किंमत, मेमरी, रंग, कीबोर्ड, वेग. लोक ते पेनने खुणा करत वाचत आणि त्यावरून निर्णय घेत.

त्या तक्त्यातला जवळजवळ प्रत्येक आकडा कुणाच्या तरी हट्टातून आलेला होता. आणि दोन मुख्य प्रतिस्पर्ध्यांपुरतं बोलायचं, तर ते हट्ट करणारी माणसं एकाच गावातली होती, केंब्रिजची. ॲकॉर्नचं सुरुवातीचं ऑफिस मार्केट हिलवर आणि सिंक्लेअरचं किंग्ज परेडवर. दोन्हींमध्ये चालत पाच मिनिटांचंही अंतर नसेल.

ॲकॉर्नचे ख्रिस करी हे मूळचे क्लाइव्ह सिंक्लेअर यांचेच सहकारी. १९६६पासून त्यांनी सिंक्लेअरबरोबर काम केलं, कंपनी अडचणीत असताना तिची धुरा सांभाळली. १९७८मध्ये त्यांच्या पुढाकाराने एमके१४ नावाचं कंप्युटरचं एक छोटं किट बाजारात आलं आणि चांगलं खपलं. करींना त्यात मोठं भविष्य दिसत होतं. सिंक्लेअर यांना मात्र त्या वेळी कंप्युटरमध्ये फारसा रस नव्हता. त्यामुळे करी बाहेर पडले आणि हर्मन हाउसर या ऑस्ट्रियन भौतिकशास्त्रज्ञाबरोबर त्यांनी नवी कंपनी काढली. टेलिफोन डिरेक्टरीत ॲपलच्या आधी नाव यावं, म्हणून तिच्या मालाला ‘ॲकॉर्न’ नाव दिलं. करी गेल्यावर सिंक्लेअर यांना रस आला, आणि तो असा की १९८०च्या फेब्रुवारीत झेडएक्स८० हा शंभर पौंडांच्या आतला कंप्युटर त्यांनी बाजारात आणून दाखवला. पुढच्याच वर्षी झेडएक्स८१ आला, फक्त ७० पौंडांत.

याच सुमारास बीबीसीने सामान्य माणसाला कंप्युटर शिकवणारी टीव्ही मालिका करायचं ठरवलं. मालिकेबरोबर एक कंप्युटरही हवा होता, बीबीसीच्या नावाचा. आधी पसंती होती ती न्यूब्रेन या यंत्राला. त्याचं काम एकेकाळी सिंक्लेअर यांच्याच जुन्या कंपनीत सुरू झालं होतं आणि हातोहाती फिरत ते न्यूबरी लॅबोरेटरीज या कंपनीकडे गेलं होतं. त्यांना ते वेळेवर देता येणार नाही हे स्पष्ट झाल्यावर बीबीसीने इतर कंपन्यांची दारं ठोठावली. त्यात सिंक्लेअर होते आणि ॲकॉर्नही.

इथून पुढचा आठवडा हा या सगळ्या कथेतला माझा सर्वांत आवडता भाग आहे. बीबीसीची माणसं शुक्रवारी येऊन यंत्र बघणार होती. ॲकॉर्नकडे दाखवण्यासारखं यंत्रच नव्हतं. ‘प्रोटॉन’ नावाच्या पुढच्या कंप्युटरच्या कल्पना तेवढ्या कागदावर होत्या. स्टीव्ह फर्बर तेव्हा केंब्रिजमध्येच संशोधन करत होते. सोफी विल्सन यांनी ॲकॉर्नचा पहिला कंप्युटर रचला होता आणि बेसिक ही प्रोग्रॅमिंगची भाषा यंत्रासाठी लिहिण्यातलं त्यांचं कौशल्य अख्ख्या कंपनीला माहीत होतं. हाउसर यांनी या दोघांना गाठलं, पण वेगवेगळं. आठवड्याभरात चालणारा नमुना उभा करता येईल का, असं एकाला विचारलं. शक्य नाही, असं उत्तर आलं. त्यावर हाउसर यांनी सांगितलं की दुसऱ्याला तर ते जमेल असं वाटतंय. मग दुसऱ्याकडे जाऊन नेमकं हेच पहिल्याच्या नावाने सांगितलं. दोघांनाही एकमेकांच्या बुद्धीबद्दल इतका आदर होता की समोरचा हो म्हणत असेल तर आपण मागे हटायचं नाही, असं दोघांनीही ठरवलं. ही युक्ती पुढे या तिघांनीही अनेक मुलाखतींमधून मोकळेपणाने सांगितली आहे.

सर्किटचा आराखडा कागदावर उतरला. मग तो बोर्डावर उभा करायचा. त्या काळी नमुना बनवताना प्रत्येक चिपच्या पायाभोवती केसासारखी बारीक तार हत्याराने गुंडाळत जायचं, अशा शेकडो जोडण्या हाताने करायच्या. एक तार चुकली तरी यंत्र गप्प. विद्यापीठाच्या कंप्युटर लॅबोरेटरीतले राम बॅनर्जी हे काम करायला आले. त्यांच्या हाताच्या वेगाबद्दल ॲकॉर्नचे लोक अजूनही कौतुकाने बोलतात. एवढं कुशल हाताचं काम बहुतेक वेळा इतिहासात नोंदलं जात नाही. इथे निदान नाव तरी राहिलं, याचा मला फार आनंद वाटतो.

तारा गुंडाळून झाल्या आणि यंत्र चालेना. गुरुवारची रात्र दोष शोधण्यात गेली. शुक्रवारची सकाळ झाली, बीबीसीची मंडळी दहा वाजता येणार. नमुना तोवर एका केबलने दुसऱ्या तपासणीच्या यंत्राला जोडलेला होता. ती केबलच काढून टाका आणि याला आपल्या पायावर उभं राहू द्या, असं हाउसर यांनी सुचवलं. केबल काढली आणि यंत्र सुरू झालं. मग विल्सन यांचं काम चालू झालं. पाहुणे आले तेव्हा यंत्र जिवंत होतं, आणि दिवस सरायच्या आत त्यावर बेसिक चालायला लागलं होतं, पडद्यावर आकृत्या उमटत होत्या. कंत्राट ॲकॉर्नला मिळालं.

आता तक्त्यातल्या ‘वेग’ या रकान्याकडे या. बीबीसी मायक्रोमधली ६५०२ ही चिप त्या काळच्या इतर अनेक कंप्युटरांतही होती, पण साधारण १ मेगाहर्ट्झवर. ॲकॉर्नने ती २ मेगाहर्ट्झवर चालवली. शिवाय पडद्यावर चित्र दाखवायला चिपला थांबवायचं नाही, असा फर्बर यांचा आग्रह. मग मेमरी दोघांत वाटायची: एक पाळी चिपची, एक पाळी पडद्याची, आणि त्यासाठी मेमरी ४ मेगाहर्ट्झने उत्तर देणारी हवी. तशा चिप तेव्हा हिताचीच्या नव्याकोऱ्या होत्या आणि नमुन्यापुरत्या मोजक्याच मिळाल्या. मालिकेतला एखादा प्रोग्रॅम बीबीसीवर झरझर चालायचा, त्यामागे हे होतं.

कारखान्यात जाण्याआधीच्या बोर्डाचीही एक गोष्ट आहे. मुख्य बोर्डावर एका विशिष्ट जागी इंजिनिअरने बोट टेकवलं, की यंत्र नीट चालायचं. बोट उचललं की अडायचं. शेवटी त्या जागी योग्य रोधक बसवून दोष दूर केला. नेमकं काय बिघडतंय हे कळण्याआधी कुठे बिघडतंय हे बोटाला कळलं होतं. अशा अडचणींमुळे माल वेळेवर निघाला नाही, शरद ऋतूत दाखवायची मालिका १९८२च्या जानेवारीवर गेली, मागणी नोंदवलेल्या लोकांना महिनोन्‌महिने थांबावं लागलं. किंमतही आधी जाहीर केलेल्या ३३५ पौंडांवरून ३९९वर गेली. सगळे मिळून १२,००० कंप्युटर खपतील असा बीबीसीचा सुरुवातीचा अंदाज होता. प्रत्यक्षात दहा लाखांहून जास्त खपले.

सिंक्लेअर यांना कंत्राट गेल्याचा राग आला, आणि तो त्यांनी लपवला नाही. शाळांना सरकारी अनुदान मिळणाऱ्या पहिल्या यादीतही त्यांचा कंप्युटर नव्हता. त्यांचं उत्तर होतं २३ एप्रिल १९८२ रोजी जाहीर झालेला झेडएक्स स्पेक्ट्रम. १६ किलोबाइटचा १२५ पौंडांना, ४८ किलोबाइटचा १७५ला. बीबीसीच्या मॉडेल बीमध्ये ३२ किलोबाइट, तेही दुपटीहून जास्त किमतीत. मासिकातल्या तक्त्यात हा रकाना वाचताना पालकांचे डोळे विस्फारत असणार.

ही स्वस्ताई कुठून आली, हे बोर्ड उघडल्यावर दिसतं. ६४ किलोबिटच्या मेमरी चिप तेव्हा महाग होत्या, आणि कारखान्यात त्यातल्या कित्येक अर्ध्या सदोष निघत. सिंक्लेअरने त्या अर्ध्या चांगल्या चिप विकत घेतल्या. कुठला अर्धा भाग चांगला आहे, त्याप्रमाणे बोर्डावर एक छोटी जोडणी बदलायची, की काम झालं. स्पेक्ट्रमची वरची ३२ किलोबाइट मेमरी अशी, दुसऱ्यांनी बाजूला काढलेल्या मालातून उभी राहिली. ज्या घरात ३९९ पौंड कधीच निघाले नसते, त्या घरातल्या मुलासमोर कंप्युटर आला तो अशा काटकसरीमुळे. मला तरी ही रचना बीबीसीच्या वेगाइतकीच मोलाची वाटते.

रंगांचंही तसंच. २५६ बाय १९२ ठिपक्यांच्या पडद्यावर प्रत्येक ठिपक्याला १६पैकी हवा तो रंग द्यायचा, तर एकट्या चित्रालाच २४ किलोबाइट लागले असते. १६ किलोबाइटच्या यंत्रात ते अशक्य. सिंक्लेअरचे इंजिनिअर रिचर्ड ऑल्टवासर यांनी ठिपक्यांचं चित्र आणि रंग वेगळे केले: आठ बाय आठ ठिपक्यांच्या प्रत्येक चौकोनाला फक्त दोन रंग. सगळं मिळून ६,९१२ बाइट. त्याची किंमत खेळणाऱ्याला मोजावी लागली. लाल माणूस हिरव्या झाडापुढून गेला की त्याच्याभोवतीचा चौकोनच रंग बदलायचा. स्पेक्ट्रमचे खेळ लांबूनही ओळखता येत ते यामुळे. पुढे खेळ लिहिणाऱ्या पोरांनी हीच मर्यादा गृहीत धरून चित्रं काढायला सुरुवात केली, आणि त्यातून त्या यंत्राची स्वतःची एक चित्रशैली तयार झाली.

कीबोर्ड रबराचा, ४० कळांचा. प्रत्येक कळेवर चार-पाच अर्थ छापलेले. पी दाबला की पडद्यावर अख्खा ‘प्रिंट’ शब्द उमटायचा, कारण शब्द अक्षराअक्षराने टाइप करायला न लावता थेट एका खुणेत साठवला की मेमरी वाचते. टायपिस्टला तो कीबोर्ड छळ वाटायचा. दहा वर्षांच्या मुलाला मात्र आज्ञा शोधावी लागायची नाही, ती समोर छापलेलीच असायची.

म्हणजे करायचं काय? ‘अभ्यासासाठी बीबीसी, खेळांसाठी स्पेक्ट्रम’ असं सोपं सूत्र लोकांनी काढलं होतं. १९८४च्या सप्टेंबरात त्याला तडा गेला. केंब्रिजच्या डेव्हिड ब्रेबन आणि इयन बेल या दोन विद्यार्थ्यांनी ‘एलीट’ हा अवकाशातला खेळ आधी बीबीसीवर आणला. आठ दीर्घिका, प्रत्येकीत २५६ ग्रह, आणि सगळं त्या ३२ किलोबाइटच्या यंत्रात. ग्रहांची यादी साठवायला जागाच नव्हती; एका आकड्यापासून गणिताने प्रत्येक ग्रह दर वेळी नव्याने, पण तंतोतंत तसाच निर्माण व्हायचा. पडद्याचा वरचा भाग बारीक रेषांचा, दोन रंगी. खालचा जाड ठिपक्यांचा, चार रंगी. असा पडदा बीबीसीमध्ये मुळात नव्हताच. पडदा वरून खाली रंगवला जात असतानाच, ठरलेल्या ओळीवर, यंत्राची चित्रपद्धत बदलायची आणि दर फेरीला पुन्हा पूर्वपदावर आणायची, असं त्यांनी जमवलं. शाळेचा म्हणून घेतलेला कंप्युटर त्या वर्षी खेळणाऱ्यांच्या हेव्याचा विषय झाला.

त्याच वर्षीच्या डिसेंबरात दोन्ही कंपन्यांच्या गोदामांत माल पडून होता. घरोघरी कंप्युटर घेण्याची लाट ओसरत होती. ॲकॉर्नने एक जाहिरात दिली: सिंक्लेअरचे कंप्युटर किती प्रमाणात नादुरुस्त होऊन परत येतात, यावर बोट ठेवणारी. केंब्रिजच्या बॅरन ऑफ बीफ या पबमध्ये सिंक्लेअर यांना करी दिसले आणि गुंडाळलेल्या वर्तमानपत्राने त्यांनी करींना मारलं. बातमी सगळीकडे गेली. २००९मध्ये बीबीसीने ‘मायक्रो मेन’ या चित्रपटात हा प्रसंग दाखवला, आणि त्यात सोफी विल्सन यांनी पबमधल्या बाईची छोटी भूमिका केली. बारा वर्षं एकत्र काम केलेल्या दोन माणसांचं असं व्हावं, याचं वाचताना वाईटच वाटतं.

१९८५मध्ये ॲकॉर्नची सूत्रं इटलीच्या ऑलिव्हेट्टीकडे गेली. १९८६च्या एप्रिलमध्ये सिंक्लेअर यांनी आपल्या कंप्युटरांचे हक्क ५० लाख पौंडांना ॲमस्ट्रॅडला विकले.

आणि नेमक्या याच काळात ही दोन्ही यंत्रं भारतात आली. १९८४-८५मध्ये केंद्र सरकारने शाळांसाठी ‘क्लास’ हा प्रायोगिक प्रकल्प सुरू केला, पहिल्या टप्प्यात सुमारे २५० शाळा घेतल्या आणि यंत्र निवडलं ते बीबीसी मायक्रो. चंदीगडजवळ मोहालीच्या सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्स या सरकारी कंपनीने परवाना घेऊन ते ‘युनिकॉर्न’ या नावाने बनवलंही. १९८६मध्ये डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने परवान्यावर स्पेक्ट्रम प्लस आणला, ‘डीबी स्पेक्ट्रम प्लस’ म्हणून, आणि तो हजारोंनी घरांमध्ये गेला. शाळेसाठी सरकारने एक निवडला, घरांसाठी लोकांनी दुसरा.