हळदीच्या गोळ्या : घ्याव्या, तर कोणत्या?

ज्या घरांत साठी उलटलेलीं दोन-चार माणसें आहेत, त्या घरांत गुडघेदुखीचा विषय निघाला नाहीं असा दिवस विरळाच. तेलें, शेक, लेप, पट्टे यांच्या जोडीला गेल्या कांहीं वर्षांत हळदीच्या सत्त्वाच्या गोळ्या आल्या आहेत. परदेशीं असलेला पुतण्या एक बाटली धाडतो. ती काकूंना मानवली म्हणून तिच्यांतल्याच चार गोळ्या आजींच्या हातावर पडतात, आणि उरलेल्या आजोबा दुपारच्या जेवणानंतर घेऊं लागतात. त्यांत हरकत ती कसली, हळदच तर आहे, असें सर्वांसच वाटतें. आमचें म्हणणें नेमकें येथेंच आहे. ती घरांतली हळद नव्हे.

हळदीच्या पुडींत कर्क्यूमिन व त्याच्या जातीचीं पिवळीं द्रव्यें शेंकडा दोन ते पांच असतात. फोगेल व पेल्तिए यांनीं १८१५ सालीं तीं प्रथम वेगळीं काढलीं. वर्ध्याकडील वायगांवच्या हळदीची ख्याति याच अंशाच्या आधिक्याबद्दल आहे. तरी साधारण हिशेब असा कीं, चहाचा एक चमचा, म्हणजे सुमारें तीन ग्रॅम, हळद पोटांत गेली तर कर्क्यूमिन शंभर मिलिग्रॅमच्या आसपासच मिळतें. उलट बाजारांतील पुष्कळशा कॅप्सुलांत पांचशें मिलिग्रॅम अर्क असतो व त्यांतील शेंकडा पंचाण्णव भाग हींच द्रव्यें असतात. म्हणजे पांच चमचे हळदीचें सार पाण्याच्या एका घोटाबरोबर! आमटींतल्या चिमूटभर हळदीनें गुडघा बरा होत नाहीं तो याचमुळें. आणि तिनें पिढ्यान्‌पिढ्या कोणास बाधा झाली नाहीं, हा दाखला गोळीला लागू पडत नाहीं तोही याचमुळें.

जखमेवर हळद वापरण्याचें पेटंट अमेरिकेंत १९९५ सालीं दिलें गेलें आणि आपल्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेनें, डॉ. रघुनाथ माशेलकर तिचे महासंचालक असतां, १९९७ सालीं तें रद्द करविलें. त्याचा अभिमान आम्हांसही आहे. पण त्या अभिमानाच्या भरांत बाटलीच्या वेष्टणाची मागची बाजू वाचावयाची राहूं नये.

गुण येतो काय? थोडा येतो. थायलंडमधील २०१४ च्या चाचणींत गुडघ्यांची झीज झालेले ३६७ रोगी होते. चार आठवडे एका गटास रोज १,५०० मिलिग्रॅम हळदीचा अर्क व दुसऱ्यास १,२०० मिलिग्रॅम आयबुप्रोफेन दिलें. दुखणें कमी होण्यांत दोहोंत मोठा फरक दिसला नाहीं. पोटाचा त्रास मात्र अर्क घेणारांस कमी झाला. टास्मानियांतील २०२० ची चाचणी सत्तर माणसांची व बारा आठवड्यांची. तेथें दिखाऊ गोळ्या घेणारांच्या मानानें दुखणें कमी झालें, परंतु एम्.आर्.आय्. चित्रांत गुडघ्यांतील सूज व पाणी यांत फरक आढळला नाहीं. सबब दुखणें हलकें होईल ही अपेक्षा रास्त. झिजलेला सांधा भरून येईल ही नव्हे. आमवाताच्या रोग्यानें तर चालू उपचार सोडून या गोळ्यांवर मुळींच विसंबूं नये. त्या दिरंगाईंत सांधे कायमचे वाकडे होतात.

आतां मिऱ्यांची गोष्ट. कर्क्यूमिन आंतड्यांतून रक्तांत फारच थोडें जातें, आणि गेलेलें यकृत लगेच निकालांत काढतें. बंगळूरच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयांतील संशोधकांनीं १९९८ सालीं दोन ग्रॅम कर्क्यूमिनबरोबर वीस मिलिग्रॅम पिपेरिन, म्हणजे मिऱ्यांतील तिखट द्रव्य, दिलें. तों त्याचें रक्तांत जाणें सुमारें वीस पटींनीं वाढलें. तेव्हांपासून बाटल्यांत मिरीं शिरलीं. पण मिरें हें साधतें कसें? तें यकृताचा हात धरून ठेवतें, आणि तोच हात इतर औषधांचाही निचरा करीत असतो! अपस्मारावरील फेनिटॉइन, रक्तदाबावरील प्रोप्रॅनोलॉल, दम्यावरील थिओफिलिन यांचें रक्तांतील प्रमाण पिपेरिननें वाढतें असें प्रयोगांत दिसलें आहे. आणि ज्यांचे गुडघे दुखतात तींच माणसें बहुधा इतर चार गोळ्या घेणारीं! त्यांच्यासाठीं लेसिथिनशीं बांधलेला, मिरें नसलेला प्रकार आम्हांस अधिक बरा वाटतो, किंमत चढी असली तरी. मात्र रक्तांत वीस पट म्हणजे गुडघ्यास वीस पट आराम नव्हे.

यकृताचा धोका कोणत्याही प्रकारांत सर्वस्वीं टळत नाहीं. अमेरिकेंत २०२२ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अहवालांत हळदीच्या पूरक गोळ्यांनीं यकृतास इजा झालेले दहा रोगी नोंदले आहेत. पांचांस रुग्णालयांत ठेवावें लागलें व त्यांतील एक दगावला. सात जणांत एकच आनुवंशिक खूण आढळली, पण ती आपल्यांत आहे कीं नाहीं हें घरबसल्या कोणास कळणार? असे रोगी थोडे, हें खरें. तरी मळमळ, खाज, गडद लघवी यांपैकीं कांहींही दिसतांच गोळी त्याच दिवशीं थांबवून डॉक्टरांस दाखवावें. आणि डोळे पिवळे दिसूं लागले तर हळदीचा रंग उतरला असें थट्टेनेंही म्हणूं नये.

विकत घेतांना पहिल्यानें पाहावयाचें तें एका गोळींत कर्क्यूमिनॉइड किती मिलिग्रॅम आहेत, हें. नुसतें 'हळद ५०० मिलिग्रॅम' लिहिलें असेल तर ती बहुधा पूडच, आणि तिच्यांत कामाचें द्रव्य दहा-पंचवीस मिलिग्रॅम. मग पिपेरिनचा उल्लेख शोधावा; तो बारीक अक्षरांतही सांपडेल. अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा चौदा आंकडी क्रमांक हा परवान्याचा पुरावा आहे, गुणाचा नव्हे. हळद पिवळीधमक दिसावी म्हणून तिला शिसेंयुक्त लेड क्रोमेट चोळण्याचा प्रकार बांगलादेशांत उघडकीस आला होता. म्हणून शिशाच्या तपासणीचा दाखला बॅच क्रमांकासह जो उत्पादक मागतांच दाखवितो, त्याचाच माल घ्यावा.

रक्त पातळ करणारें औषध चालू असलेले, पित्ताशयांत खडे किंवा यकृताचा विकार असलेले, तसेंच गर्भवती स्त्रिया, यांनीं डॉक्टरांच्या संमतीवांचून या वाटेस जाऊं नये. इतरांनीं गोळी जेवणाबरोबर घ्यावी, कारण हें द्रव्य स्निग्धांत विरघळतें. सहा-आठ आठवड्यांत जिना चढतांना फरक कळला नाहीं तर दुसरी बाटली आणूं नये. बाटलीवर ती ज्यांच्यासाठीं आणली त्यांचें नांव व सुरू केल्याची तारीख लिहावी, आणि दवाखान्यांत जातांना ती पिशवींत टाकावी. कारण 'आणखी कांहीं घेतां काय?' असें डॉक्टरांनीं विचारलें असतां आपल्या घरचीं वडील माणसें हटकून 'छे, कांहीं नाहीं' असेंच सांगतात.