पत्रांतील सेनापती : परशुरामभाऊ पटवर्धन आणि म्हैसूरची मोहीम

अठराव्या शतकातील मराठी सेनानींनी आत्मचरित्रे लिहिली नाहीत. नाना फडणविसांचे पानिपतापर्यंतचे त्रोटक आत्मवृत्त हा अपवाद. पण नाना मुत्सद्दी, रणांगणावरचे सरदार नव्हेत. त्यामुळे परशुरामभाऊ पटवर्धनांसारख्या वादग्रस्त सेनापतीची बाजू शोधावयाची तर त्यांच्या पत्रव्यवहाराकडेच वळावे लागते. हा पत्रव्यवहार मिरजेचे वासुदेवशास्त्री खरे यांनी १८९७ पासून 'ऐतिहासिक लेखसंग्रहा'च्या खंडांतून प्रसिद्ध केला.

भाऊंवरील आक्षेप मुख्यतः १७९० ते १७९२ च्या टिपूविरुद्धच्या मोहिमेतील आहेत. धारवाडचा वेढा सप्टेंबर १७९० पासून एप्रिल १७९१ पर्यंत रेंगाळला. किल्ला करार करून खाली झाल्यावर बाहेर पडलेल्या शिबंदीवर हल्ला झाला, आणि किल्लेदार बद्रुज्जमानखान जखमी होऊन कैदेत पडला. पुढे श्रीरंगपट्टणच्या अखेरच्या वेढ्याच्या वेळी भाऊ शिमोग्याकडे गुंतले आणि तह ठरेपर्यंत पोचले नाहीत.

ही हकीकत जगाला कळली ती प्रामुख्याने इंग्रजांच्या लेखणीतून. भाऊंच्या सैन्याबरोबर कॅप्टन लिटलची मुंबईची तुकडी होती. तीतील लेफ्टनंट एडवर्ड मूर याने १७९४ मध्ये लंडनला आपला वृत्तान्त छापला. (पुढे 'हिंदू पँथिऑन' लिहिणारा मूर तो हाच.) मूर कुतूहलाने पाहतो, छावणीचे वर्णन तर फारच रेखीव करतो, पण त्याचे पुस्तक युद्ध जिंकल्यानंतरचे आहे. शेवट ठाऊक असलेल्या लेखकाला प्रत्येक विलंब दोष वाटू लागतो.

पत्राला शेवट ठाऊक नसतो. येथील कुशल कळवून पत्र सुरू होते आणि दाणावैरण, कर्ज, शिलेदारांचा तगादा, पुण्याहून न आलेला पैसा यांत शिरते. मूरला जो आळस दिसतो त्याची कारणे बहुधा या हिशेबी मजकुरातच सापडतात. मात्र एक सावधगिरी हवी. मोडीतील बरीचशी पत्रे कारकुनाच्या हातची असतात. त्यांतील नम्रता वा संताप कितपत धन्याचा आणि कितपत दप्तरी वळणाचा, हे वेगळे काढणे कठीण. शिवाय वरिष्ठांस लिहिलेल्या पत्रात सबब असते, घरच्या पत्रात चिंता असते. दोन्ही एकाच दिवसाची असली तरी त्यांचे वजन सारखे धरता येत नाही. खरेशास्त्र्यांनी पत्रांना जोडून दिलेले निवेदन बहुमोल आहे, पण तेही पटवर्धनांविषयीच्या आपुलकीने लिहिलेले आहे. वाचकाने आधी पत्र वाचावे, निवेदन मागून.

सर्वांत अवघड प्रश्न शृंगेरीचा. १७९१ मध्ये मराठी फौजेने शृंगेरीचा मठ लुटला. लूट रघुनाथराव पटवर्धनांच्या पथकांबरोबरच्या पेंढाऱ्यांनी केली, असे सामान्यतः सांगितले जाते, आणि भाऊंना दोषमुक्त करण्यासाठी तेवढे पुरेसे मानले जाते. हा युक्तिवाद मला लंगडा वाटतो. पेंढारी फौजेबरोबर चालत ते सरदारांच्या संमतीने. ज्या भाऊंनी तासगावात गणपतीचे देऊळ बांधून त्यापुढे दाक्षिणात्य धाटणीचे सात मजली गोपुर उभारले, त्यांना दक्षिणेतील पीठाचे माहात्म्य कुणी समजावून सांगण्याची गरज नव्हती.

या लुटीची दुसरी बाजू कन्नडमध्ये आहे. १९१६ मध्ये म्हैसूरच्या पुरातत्त्व खात्याचे नरसिंहाचार यांना शृंगेरी मठात टिपूने स्वामींना लिहिलेली पत्रे मिळाली. लुटीबद्दल खेद आणि देवीच्या पुनःप्रतिष्ठेसाठी साहाय्य, असा त्यांतील काहींचा आशय. ही पत्रेही राजकारणापासून अलिप्त नाहीत : शत्रू तीन दिशांनी चालून येत असताना टिपूला स्वामींचा आशीर्वाद हवा होता. तरीही मठाचे दुःख ज्या थेटपणे तेथे नोंदले गेले, तसे ते मराठी कागदांत उतरलेले नाही. मराठी अभ्यासक मिरजेचे दप्तर वाचतो, कन्नड अभ्यासक शृंगेरीचे. मूरचे पुस्तक दोघेही वाचतात, आणि वाद बहुधा मूरच्या शब्दांतच चालू राहतो.

भाऊंना स्वतःचे समर्थन लिहिण्याची सवडही मिळाली नाही. पेशवाईच्या वारसाच्या राजकारणात ते पुढे अडकले, आणि १७९९ मध्ये पट्टणकुडीजवळ कोल्हापूरकरांशी लढताना पडले.