ओमानला जाताना कपड्यांची बॅग

मुलगा वा मुलगी मस्कतमध्ये नोकरीस आहे आणि आईवडील प्रथमच तेथे निघाले आहेत, हे दृश्य भारतातील अनेक घरांत आता नवे राहिलेले नाही. पारपत्र, व्हिसा, परकीय चलन ही कामे वेळेवर उरकली जातात. कपड्यांची बॅग मात्र बहुधा निघण्याच्या आदल्या रात्री भरली जाते. मग 'उष्ण प्रदेश' म्हणून तिच्यात बिनबाह्यांचे, तोकडे कपडे जातात, किंवा 'इस्लामी देश' म्हणून घाईघाईने विकत घेतलेला काळा अबाया जातो. या दोन्ही समजुती अपुऱ्या आहेत. पहिलीने संकोचाचे प्रसंग ओढवतात आणि उन्हाचा त्रासही वाढतो. दुसरीने विनाकारण खर्च होतो.

ओमानमध्ये परदेशी स्त्रीने अबाया परिधान करावा किंवा मस्तक झाकावे, असे कायद्याचे बंधन नाही. सार्वजनिक ठिकाणी खांदे व गुडघे झाकलेले असावेत, वस्त्रे अंगाला घट्ट बसणारी अथवा पारदर्शक नसावीत, एवढीच अपेक्षा असते. ती पुरुषांनाही लागू आहे, हे अनेकांच्या ध्यानात येत नाही. आखूड चड्डी व बनियनवजा शर्ट घालून मत्रहच्या जुन्या बाजारात फिरणारा पाहुणा तेथील वडीलधाऱ्यांना खटकतो. लष्करी गणवेशासारखे ठिपक्यापट्ट्यांचे कपडे तर नेऊच नयेत. सामान्य नागरिकाने ते वापरण्यास तेथे मनाई आहे. नातवंडांच्या कपड्यांत अशी एखादी विजार असते, ती आधीच बाजूला काढावी. रमजानचा महिना आला असल्यास अंगभर वस्त्रांबाबत थोडी अधिक दक्षता घेणे इष्ट. हा महिना दरवर्षी सुमारे अकरा दिवसांनी अलीकडे येतो, म्हणून तिकीट काढतानाच दिनदर्शिका पाहावी.

अंगभर वस्त्रे म्हणजे उकाडा, असे आपल्याकडे मानले जाते. वाळवंटातील अनुभव नेमका उलट आहे. वाळवंटात राहणारे बेदुइन लोक काळे झगे का वापरतात, या प्रश्नावरील एक संशोधन १९८० साली 'नेचर' या शास्त्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. काळा रंग अधिक उष्णता शोषतो हे खरेच. परंतु झगा सैल असल्यामुळे ही जादा उष्णता त्वचेपर्यंत पोहोचण्यापूर्वीच निघून जाते, आणि काळ्या व पांढऱ्या झग्यांत शरीराला मिळणारी उष्णता सारखीच राहते, असे त्यात आढळले. रंगापेक्षा सैलपणाचे महत्त्व किती, हे यावरून दिसते. वस्त्र व त्वचा यांच्यामध्ये हवा खेळती राहिली की घाम वाळतो आणि अंग थंड होते. शिवाय उन्हाचा थेट मारा त्वचेवर होत नाही. उघड्या दंडावर व मानेवर हे संरक्षण नसते. म्हणजे तेथील सभ्यतेला जे वस्त्र रुचते, तेच त्या उन्हालाही मानवते. दोन निराळे विचार करण्याचे कारणच उरत नाही.

मात्र ओमान म्हणजे केवळ वाळू नव्हे. अंतर्भागातील कोरड्या हवेत घाम पाहता पाहता सुकतो. मस्कत समुद्रकाठी असल्याने उन्हाळ्यात तेथे पारा चाळिशी ओलांडतो आणि हवेतील बाष्प मुंबईची आठवण करून देते. तेथे जाड सुती कापड एकदा भिजले की भिजलेलेच राहते. म्हणून मलमल, व्हॉइल, पातळ खादी किंवा लिनन निवडावे. नायलॉनचे अस्तर असलेले कपडे व घट्ट जीन्स घरी ठेवणेच बरे.

या दृष्टीने भारतीय प्रवाशाचे कपाट मुळातच सज्ज असते. पूर्ण बाह्यांचा सैल सलवार-कमीज आणि ओढणी यांहून सोयीचा वेश शोधूनही मिळणार नाही. पुरुषांसाठी सुती विजार व पूर्ण बाह्यांचा सदरा पुरेसा आहे. मस्कतच्या रस्त्यावर साडीकडे कोणी वळून पाहत नाही. भारतीयांची वस्ती तेथे जुनी आहे. १९७० साली ओमानचे स्वतःचे रियाल चलन येईपर्यंत तेथे भारताच्या रिझर्व्ह बँकेने आखाती प्रदेशासाठी काढलेले रुपयेही चालत असत. रियालचा हजारावा भाग असलेल्या 'बैसा'त आपला पैसा आजही ओळखू येतो.

साडीची अडचण येते ती सुलतान काबूस भव्य मशिदीत. २००१ साली खुली झालेली ही वास्तू इतर धर्मीयांना शुक्रवार वगळता सकाळच्या वेळात पाहता येते. तेथे स्त्रियांनी केस, मनगटापर्यंत हात व घोट्यापर्यंत पाय झाकलेले असावे लागतात. पुरुषांना लांब विजार आवश्यक असते. साडीत पोट व हात उघडे राहत असल्याने त्या दिवशी सलवार-कमीजच घालावा आणि ओढणी निसटू नये म्हणून दोन पिना जवळ ठेवाव्यात. पादत्राणे आत नेता येत नाहीत. सकाळी नऊलाही अंगणातील संगमरवर तापलेला असू शकतो, तेव्हा पातळ मोज्यांची जोडी पर्समध्ये असावी. सुमारे तीन तासांच्या विमानप्रवासानंतर पाय सुजलेल्या ज्येष्ठांना चढवण्या-उतरवण्यास सोपी चप्पल वा बूट याच कारणासाठी बरे पडतात.

गरम कपड्यांचा मात्र हमखास विसर पडतो. हिवाळ्यात शर्किया वाळवंटातील तंबूत मुक्काम असेल, तर दिवसा तापलेली वाळू रात्री वेगाने निवते आणि शाल हवीशी वाटते. सुमारे तीन हजार मीटर उंचीच्या जबल शम्सवर तर भर हिवाळ्यात पारा शून्याच्या आसपास उतरतो. तेथे स्वेटर, कानटोपी व जाड मोजे लागतात. उलट दक्षिणेकडील सलाला येथे जून ते सप्टेंबर या काळात 'खरीफ' नावाचा रिमझिम पाऊस असतो. आपल्या शेतीतला खरीप हंगाम याच शब्दाचा भाऊ. तेथे निघालेल्यांनी छत्री व घसरणार नाहीत असे बूट घ्यावेत. वादी शाबसारख्या दरीतील डोहात उतरायचे असल्यास स्त्रीपुरुषांनी पोहण्याच्या पोशाखावर लवकर वाळणारा सदरा व लांब विजार घालावी.

स्थानिकांचा वेशही निरखण्याजोगा आहे. पुरुषांच्या पायघोळ 'दिशदाशा'ला गळ्याशी एक लहानसा गोंडा असतो; तो अत्तरात बुडवितात. आत कमरेला लुंगीसारखे 'विझार' गुंडाळलेले असते. समारंभात डोईला बांधला जाणारा 'मसर' उंची असेल तर तो बहुधा काश्मिरी पश्मिन्याचा असतो. एरवी डोक्यावर 'कुम्मा' ही बारीक कशिद्याची टोपी असते. मत्रहच्या बाजारात ती मिळते. यंत्रावरची स्वस्त आणि हाताने भरलेली महाग, म्हणून भाव करण्यापूर्वी ती उलटी करून आतले टाके पाहावेत.

दोन आठवड्यांच्या मुक्कामाला कपड्यांचे पाच जोड पुरतात, कारण मुलाच्या घरी धुण्याचे यंत्र असतेच. बॅगेतील उरलेल्या जागेत लोणचे व भाजणी जाते, हे सांगावयास नकोच. त्यांचे वजन कपड्यांपेक्षा अधिक भरते, तेवढे निघण्यापूर्वी काट्यावर पाहून घ्यावे.