भट्टीला निघण्यापूर्वी कागद पाहावा

भाताची झोडणी आटोपून दिवाळी झाली की कर्जत व खालापूर तालुक्यांतील अनेक कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांची वाट धरतात. भांडीकुंडी, कोंबड्या सारे बरोबर असते. शिधापत्रिका मात्र पुष्कळदा नसते. परगावी मोठे दुखणे आले म्हणजे मालकाकडून उचल घ्यावी लागते आणि पुढील हंगामाची मजुरी आधीच गहाण पडते.

हे टाळता येते. गरीब कुटुंबांच्या मोठ्या उपचारांचा खर्च शासनाने सोसावा, ह्या हेतूने २ जुलै २०१२ रोजी राज्यातील आठ जिल्ह्यांत एक योजना सुरू झाली. रायगड त्यांपैकी एक होता. २०१७ पासून तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव आहे. आरंभी कुटुंबास वर्षाला दीड लाख रुपयांचे संरक्षण होते. २०२३ च्या निर्णयानुसार ते पाच लाखांचे झाले. हा पैसा रोग्याच्या हाती येत नाही. ठरलेल्या उपचारांचा खर्च योजनेतील रुग्णालयास परस्पर दिला जातो.

अशा रुग्णालयात जाताच तेथील आरोग्यमित्रास भेटावे व शिधापत्रिका आणि आधारपत्र दाखवावे. साधा ताप, खोकला यांसाठी मात्र जवळचे प्राथमिक आरोग्य केंद्रच गाठावे.

पेरणीपूर्वी शेतकरी बियाणे पारखतो, तसा निघण्यापूर्वी कागद पारखावा. नवी सून, नवे मूल यांची नावे शिधापत्रिकेत नसल्यास तहसील कार्यालयात नोंदवून घ्यावी. आजार सांगून येत नाही. कागद मात्र सवडीने तयार ठेवता येतो.