विजेचे नवे मीटर : मोजते कसे, सांगते कुणाला

मंडळी, गेल्या काही वर्षांत आपल्या वऱ्हाडात पुष्कळ घरांच्या दारातले जुने वीजमीटर निघाले आणि त्या जागी नवे आले. लोक त्याला स्मार्ट मीटर म्हणतात. महावितरणचे लोक टीओडी मीटर म्हणतात. नाव काहीही असो, अकोल्याच्या चहाच्या टपरीवर जा की अमरावतीच्या एखाद्या खेड्यातल्या पारावर बसा, बोलणे एकच ऐकू येते : "हे नवं मीटर लय पयते बाप्पा!"

ते खरेच जास्त पळते काय? याचे उत्तर दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकण्याची गरज नाही. ते घरच्या घरी काढता येते. त्यासाठी मीटर काय करते एवढे मात्र समजले पाहिजे.

आधी युनिट म्हणजे काय ते पाहू. हजार वॅटचे उपकरण एक तास चालले की एक युनिट वीज खर्च होते. शंभर वॅटचा दिवा दहा तास जळाला, तरीही एकच युनिट. हा हिशेब जुन्या मीटरलाही होता आणि नव्यालाही तोच आहे.

फार जुन्या मीटरात ॲल्युमिनियमची एक चकती असे. एक वेटोळे विजेच्या दाबाचे, दुसरे प्रवाहाचे. दोहोंच्या जोराने चकती फिरे आणि दातेरी चाके आकडे पुढे सरकवीत. पुढे इलेक्ट्रॉनिक मीटर आले आणि चकती गेली. आत्ताच्या मीटरात फिरणारे काही नाही. आत एक लहानशी धातूची पट्टी असते. तिच्यातून प्रवाह किती जातो आणि त्या क्षणी दाब किती आहे, हे दर सेकंदाला हजारो वेळा मोजले जाते. दोहोंचा गुणाकार करून बेरीज मांडली जाते. कापसाच्या बाजारात गाडी काट्यावर एकदा चढते. इथे काटा दर क्षणाला वजन करतो. घरगुती मीटर साधारणपणे एक टक्का अचूकतेच्या वर्गाचे असते. म्हणजे १०० युनिटांमागे सुमारे एका युनिटाचा फरक चालतो, त्याहून जास्त नाही. झिजलेली जुनी चकती मात्र मंद होते आणि एखादा लहान दिवा तिला हलवीतही नाही. तेव्हा ज्यांचे जुने मीटर मंद होते, त्यांना नव्यावर आकडा वाढलेला दिसणारच.

आता नवेपणा कशात आहे? मोजण्यात नाही, निरोप धाडण्यात आहे. मीटर दर अर्ध्या तासाचा किंवा पाव तासाचा वापर आपल्या स्मरणात लिहून ठेवते. मग तो आकडा कुलूपबंद सांकेतिक भाषेत पाठवते. काही मीटरांत मोबाइलसारखे सिमकार्ड असते आणि निरोप मोबाइलच्या मनोऱ्यावरून जातो. काही ठिकाणी एक मीटर शेजारच्या मीटरला रेडिओलहरींनी निरोप देते, ते पुढच्याला, आणि शेवटी खांबावरची पेटी सगळे निरोप गोळा करून मुख्य केंद्राकडे धाडते. मेळघाटात धारणी-चिखलदऱ्याकडे डोंगरामुळे लहरी अडतात. पण लहरी नसल्या म्हणून मोजणी थांबत नाही, वाढतही नाही. आकडे स्मरणात साठतात आणि वाट मोकळी झाली की जातात.

या निरोपात तुमचा पंखा की मिक्सर असे काही लिहिलेले नसते. पण अर्ध्या अर्ध्या तासाचा आकडा पाहून घर कधी जागे होते आणि कधी कुलूपबंद होते, हे ओळखता येते. म्हणून ही माहिती घरच्या किल्लीसारखी जपण्याची आहे. मोबाइलवरचा आपला परवलीचा शब्द कुणालाही देऊ नका.

वेळवार नोंदीचा एक लाभही आहे. १ जुलै २०२५ पासून असे मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांना सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतल्या वापरावर सवलत लागू झाली. टाकी भरणे, कपडे धुणे, इस्त्री ही कामे दिवसा उरकली तर तेवढा पैसा वाचतो. शेतीपंपांचे म्हणाल तर, केंद्राच्या २०२१ च्या ज्या योजनेतून हे काम निघाले, तिच्यातून शेतीपंप वगळलेले आहेत.

आता बिल का फुगते ते पाहा. आपल्याकडचा उन्हाळा तुम्हाला सांगायला नको. दोनशे वॅटचा कूलर रोज बारा तास चालला तर दिवसाला २.४ आणि महिन्याला ७२ युनिट होतात. दर टप्प्याटप्प्याने चढतो; पहिल्या १०० युनिटांपुढे युनिट महाग पडते. एप्रिलात मीटर बदलले आणि मे महिन्यात बिल वाढले, तर दोष मीटरचा की कूलरचा, हे आधी तपासले पाहिजे.

तपासायचे कसे? मीटरवर एक तांबडा दिवा लुकलुकतो. एका युनिटाला तो किती वेळा लुकलुकेल हे मीटरवरच छापलेले असते. समजा, ३२०० आहे. घरातली इतर सगळी बटणे बंद करून हजार वॅटचा पाणी तापवायचा रॉड बादलीत सोडा आणि मग बटण लावा. तीन मिनिटांत दिवा १६० वेळा लुकलुकला पाहिजे. रॉड चालू असताना पाण्याला हात लावू नका, मुलांना दूर ठेवा. एक गोष्ट ध्यानात असू द्या. हा हिशेब २३० व्होल्ट दाबाचा आहे. गावात दाब २०७ वर उतरला असेल तर रॉडच कमी वीज घेतो आणि आकडा १३० च्या आसपास येतो. त्यात मीटरची चूक नाही.

दुसरी परीक्षा आणखी सोपी. मीटरपुढचा मुख्य स्विच बंद करा आणि पंधरा मिनिटे पाहा. दिवा लुकलुकता कामा नये. लुकलुकला तर तक्रार करा. सील मात्र स्वतः तोडू नका.

तक्रार लेखी द्या आणि पोच घ्या. वीज ग्राहकांच्या हक्कांच्या २०२० च्या केंद्रीय नियमांत २०२४ साली दुरुस्ती झाली. आकडा पटत नसल्याची तक्रार मिळाली की वीज कंपनीने पाच दिवसांत जोडीला दुसरे मीटर लावावे आणि किमान तीन महिने दोन्हींचा मेळ पाहावा, असे तिच्यात आहे. कार्यालयात भांडण्यापेक्षा हे कलम दाखवणे बरे.

शिक्षकमित्रांनो, सातवी-आठवीच्या मुलांना हा हिशेब फळ्यावर शिकवा. प्रत्येकाने घरच्या मीटरचा आकडा रोज ठरलेल्या वेळी वहीत लिहावा आणि महिन्याच्या शेवटी बिलाशी ताडून पाहावा. जुळला तर आईवडिलांची शंका फिटेल. नाही जुळला, तर तक्रारीच्या अर्जाला जोडायला तीस दिवसांची नोंद हाताशी असेल.