पुऱ्या दिसल्या, रात्रपाळी नाही

‘मिशन मंगल’मधल्या पुऱ्या आठवतात? गॅस बंद केला तरी तापलेल्या तेलात पुऱ्या तळून निघतात, या घरगुती निरीक्षणावरून कमी इंधनात मंगळ गाठायची आयडिया निघते. विद्या बालनने साकारलेली तारा शिंदे आपल्याला आवडतेच. निदान ती विस्कटलेल्या केसांचा, स्फोट घडवणारा सटकलेला प्रोफेसर तरी नाही!

तो प्रोफेसर तसा जुनाच. चेंबर्स या संशोधकाने ४,८०७ मुलांना शास्त्रज्ञाचं चित्र काढायला लावलं होतं. १९८३ मध्ये आलेल्या त्या अभ्यासात बाई काढणारी मुलं होती फक्त २८, आणि त्या सगळ्या मुलीच! नंतर चित्रं बदलत गेली, बायकाही दिसू लागल्या. पण ‘डेक्स्टर’ असो की तारा, डोक्यात अचानक दिवा पेटणं काही सुटलं नाही.

खरं मंगळयान याहून जास्त थरारक होतं. पीएसएलव्ही रॉकेटची ताकद यानाला थेट मंगळाकडे भिरकावण्याइतकी नव्हती. त्यामुळे ५ नोव्हेंबर २०१३ च्या उड्डाणानंतर ते पृथ्वीभोवतीच फिरत राहिलं. पृथ्वीजवळ आलं की इंजिन पेटवायचं, कक्षा थोडी ताणायची, आकडे तपासायचे, पुन्हा तेच. रात्री-अपरात्री! ११ तारखेला मात्र गडबड झाली. कक्षेचं लांबचं टोक एक लाख किलोमीटरपर्यंत न्यायचं होतं, ते ७८,२७६ वरच अडकलं. मुख्य आणि राखीव अशा दोन्ही कॉइल एकदम चालू करून बघताना इंजिनाकडे जाणारं इंधनच थांबलं होतं. म्हणजे अडचणीच्या वेळची सोय तपासतानाच अडचण आली. टीमने कारण शोधलं, गणित पुन्हा मांडलं आणि दुसऱ्या दिवशी पहाटे इंजिन परत पेटवलं. आकडा गेला १,१८,६४२ वर. १ डिसेंबरला यान मंगळाकडे निघालं, २४ सप्टेंबर २०१४ ला पोहोचलं.

पडद्यावर हे दाखवणं अवघड आहे, मान्य. आकड्यांकडे बघत बसलेल्या माणसांवर गाणं कसं टाकणार?

पण माझ्या मावसबहिणीचं काय? बारावी झाली, फिजिक्स आवडतं, तरी फॉर्म भरताना अडली होती. ‘‘मला कुठे तसल्या भन्नाट आयडिया सुचतात? माझं तर प्रॅक्टिकलचं रीडिंगसुद्धा तिसऱ्यांदा बरोबर येतं.’’

तिला ११ नोव्हेंबरचा किस्सा पाठवला. दहा मिनिटांनी रिप्लाय आला, ‘‘म्हणजे त्यांचंही गंडतं?’’