सदाफुली अंगणात शोभते, पोटात नव्हे

उतारवयात बागेची हौस कमी होत नाही. कमी होते ती वाकण्याची ताकद. कुंपणालगतच्या उघड्या जमिनीवर पावसाळ्यात तण माजते आणि खुरपणीला गुडघे तयार नसतात. अशा जागेसाठी मी रुग्णांना सदाफुली सुचवतो. तिच्या दाट पाल्याने जमीन झाकली की तणाला ऊन मिळत नाही आणि मातीतील ओलही टिकते.

मूळची मादागास्करची ही वनस्पती आपल्याकडे कमी कष्टात वाढते. तिला भरपूर ऊन आणि पाण्याचा निचरा होणारी माती हवी. रोपे वीतभर अंतरावर लावावीत. शेंडे खुडले की फुटवे येऊन झुडूप दाट होते. पाणी साचल्यास मुळे कुजतात. म्हणून वरची माती सुकल्यावरच पाणी द्यावे. पुढे गळलेल्या बियांतून नवी रोपे आपोआप उगवतात. काम कोवळ्या उन्हात, स्टुलावर बसून करावे. मधुमेहींनी बागेत अनवाणी जाऊ नये.

हे सारे मी एका सत्तरीतल्या मधुमेही गृहस्थांनाही सांगितले होते. वर्षभराने ते पायाची जखम भरत नाही म्हणून आले. रक्तातील साखर ३०० च्या वर होती. गोळ्यांविषयी विचारताच ते गप्प झाले. पत्नी म्हणाल्या, "डॉक्टर, दोन महिने झाले, हे रोज सदाफुलीची पाने चावून खातात. गोळ्या बंदच केल्यात." रोप लावण्याचा सल्ला माझाच होता, पाने खाऊ नका, एवढे सांगायचे मात्र मी विसरलो होतो. पाय वाचला, एक बोट गमवावे लागले.

मधुमेहावर सदाफुली, ही समजूत जुनी आहे. १९५० च्या दशकात कॅनडात रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बीर यांनी ती तपासली. पानांचा अर्क टोचलेल्या उंदरांची साखर उतरली नाही. उतरल्या त्या पांढऱ्या पेशी, आणि उंदीर जंतुसंसर्गाने दगावले. त्या शोधातून व्हिन्ब्लास्टिन हे कर्करोगावरील औषध हाती आले. याच वनस्पतीतील व्हिन्क्रिस्टिन मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावर आजही दिले जाते, पण काटेकोर मोजून, रक्त तपासत, शिरेवाटे. अंगणातल्या पानात कोणते द्रव्य किती आहे, हे कोण मोजणार?

म्हणून काळजीवाहकांना विनंती, की घरातील ज्येष्ठ एखादा पाला, रस वा काढा घेतात का, हे न रागावता विचारावे आणि डॉक्टरांना सांगावे. रागावले की माणसे लपवतात. खुडणी झाल्यावर हात साबणाने धुवावेत. लहान मुले व पाळीव प्राणी पाने तोंडात घालणार नाहीत, हे पाहावे.

एवढे सांभाळून सदाफुली अवश्य लावावी. औषध मात्र डब्यातलेच घ्यावे आणि वेळेवर घ्यावे.